मोटार विकणारे खूप झाले, मोटार ‘कंट्रोल’ करणारा तुम्ही व्हा



या आठवड्याचा व्हिडिओ सोलर पंपाच्या कंट्रोलरवर आहे. व्हिडिओत सगळं बसत नाही, म्हणून नेहमीसारखं सविस्तर इथे लिहितोय. आज जरा स्पष्टच लिहिणार आहे, कारण कमेंटमध्ये एकच प्रश्न सारखा येतोय: "सर, सोलरची एजन्सी घेऊ का?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. बीड जिल्ह्यात आज जो तरुण इलेक्ट्रिकल लाईनमध्ये उतरतोय, त्यानं पॅनल विकायच्या किंवा नव्या मोटारी विकायच्या मागे लागू नये. वीज आणि मोटार यांच्या मधे जो डबा बसतो, त्याला स्टार्टर म्हणा, ड्राइव्ह म्हणा, सोलर कंट्रोलर म्हणा, तो डबा ज्याला कळतो त्याच्याकडे पुढची दहा वर्षं गिऱ्हाईक स्वतःहून चालत येणार आहे. का, ते मुद्देसूद सांगतो. पटलं नाही तर खाली कमेंटमध्ये भांडा माझ्याशी.

एजन्सीचं गणित आधी समजून घ्या

२०२४ पासून आपल्याकडे ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना चालू आहे. शेतकऱ्यानं १० टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के, बाकीचं अनुदान. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्याच्या वर साडेसात एचपी. कंपनी कुठली, ते शेतकरी महावितरणच्या यादीतून निवडतो. आणि पाच वर्षं दुरुस्तीची हमी त्या कंपनीची.

आता यात तुमच्यासारख्या छोट्या दुकानदाराला जागा कुठे आहे, ते बघा. विक्री यादीतल्या कंपनीची. तिच्याखाली ठेकेदार, त्याच्याखाली पोटठेकेदार, आणि सगळ्यात खाली तुम्ही: खड्डे घ्या, स्ट्रक्चर उभं करा, केबल सोडा. काम झालं की पैशासाठी फोन करत बसा. भाव तुम्ही ठरवत नाही, गिऱ्हाईक तुमचं नाही, वर नावही तुमचं नाही. मी बीबीए करताना एक गोष्ट पक्की शिकलो: ज्या धंद्यात भाव ठरवायचा अधिकार तुमच्याकडे नाही, तो धंदा कमी आणि मजुरी जास्त असते.

पण पंप बसल्यानंतर काय? तिथून खरी गंमत सुरू होते. २०१९च्या सुमारास मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजनेतून आपल्या भागात पंप बसायला लागले. त्यांची पाच वर्षं उलटली. म्हणजे हमी संपलेले कंट्रोलर आता दरवर्षी वाढतच जाणार. पॅनलला काही होत नाही, त्याच्यात फिरणारं काहीच नसतं. बिघडतो कंट्रोलर, नाहीतर मोटार. आणि तालुक्याच्या गावात कंट्रोलर उघडून बघणारे किती जण आहेत? तुमच्याच गावात मोजा.

डब्यात नेमकं आहे काय?

मी इंजिनिअर नाही. काउंटरवर बसून, मिस्त्री लोकांबरोबर शेतात जाऊन, आणि फुकट मिळणारी लेक्चर बघून जे कळलं ते आपल्या भाषेत सांगतो.

आपली शेतातली तीन फेज मोटार म्हणजे इंडक्शन मोटार. निकोला टेस्लानं १८८८ साली तिचं पेटंट घेतलं आणि आजही तीच चालते, कारण ती दणकट आहे. ना ब्रश, ना जास्त कटकट. पण तिचा एक हट्ट आहे. तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो. १२० गुणिले फ्रिक्वेन्सी, भागिले पोलची संख्या. आपली लाईन ५० हर्ट्झ, बोअरची मोटार दोन पोलची, म्हणजे ३००० फेरे, आणि लोडवर थोडे कमी, २८५०च्या आसपास. लाईनवर लावली की ती याच वेगानं फिरणार. हळू फिर म्हटलं तर ऐकणार नाही.

हा हट्ट मोडला पॉवर इलेक्ट्रॉनिक्सनं. ड्राइव्हच्या डब्यात तीन गोष्टी असतात. पहिली, लाईनच्या एसीची डीसी करणारा रेक्टिफायर. दुसरी, ती डीसी साठवून सपाट करणारे मोठे कपॅसिटर. तिसरी, सहा इलेक्ट्रॉनिक स्विच, जे सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन त्या डीसीची पुन्हा तीन फेज एसी बनवतात, पण तुम्हाला पाहिजे त्या फ्रिक्वेन्सीची. सोलर कंट्रोलरमध्ये पहिली पायरी लागतच नाही, कारण पॅनल डीसीच देतं.

ते सहा स्विच म्हणजे बहुतेक ठिकाणी आयजीबीटी. हा आयजीबीटी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये विकसित केला बी. जयंत बालिगा यांनी. आयआयटी मद्रासला शिकलेला आपला माणूस. याच कामासाठी २०२४ मध्ये त्यांना फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. शेतातला कंट्रोलर, कारखान्यातला ड्राइव्ह, विजेवरची कार, सगळीकडे हाच स्विच किंवा त्याचा भाऊबंद बसलाय. घरातला बीएलडीसी पंखा आणि ई-रिक्षा यांच्यातही आकार आणि व्होल्टेज वेगळं, पण तत्त्व हेच. म्हणून मी म्हणतो, एक गोष्ट नीट शिकलात तर चार धंद्यांची दारं उघडतात.

आणखी एक नियम लक्षात ठेवा. फ्रिक्वेन्सी कमी केली की व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करायचं. ४१५ व्होल्टला ५० हर्ट्झ, म्हणजे एका हर्ट्झला सव्वाआठ व्होल्ट. हे प्रमाण बिघडलं की मोटार एकतर तापते, नाहीतर ताकद सोडते. ड्राइव्ह हे आपोआप करतो, पण त्याला मोटारीच्या पाटीवरचे आकडे बरोबर भरून द्यावे लागतात. व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ, फेरे. पाटी न वाचता ड्राइव्ह चालू करणारा मिस्त्री म्हणजे पेशंटचं वजन न बघता इंजेक्शन देणारा डॉक्टर.

"मोटार फिरायलीय, पण पाणीच येईना"

हे वाक्य उन्हाळ्यात माझ्या काउंटरवर सारखं ऐकू येतं. गेवराईकडचे एक काका मार्चमध्ये आले. सोलर पंप, बोअर खोल, सकाळी नऊपर्यंत मोटारीचा आवाज येतो, पण पाईप कोरडा. दुपारी दोन-तीन तास पाणी, चारनंतर पुन्हा कोरडा. दोन मिस्त्री येऊन गेले. एकानं मोटार भरायला सांगितली, दुसऱ्यानं कंट्रोलर बदलायला. दोघांचा मिळून खर्च किती झाला असता, तुम्हीच अंदाज करा.

मोटारीत दोष नव्हता आणि कंट्रोलरमध्येही नव्हता. दोष होता गणितात, आणि ते गणित कुणी केलंच नव्हतं.

पंपाचे तीन नियम आहेत. वेग कमी झाला तर पाणी त्याच प्रमाणात कमी होतं. पाणी चढायची उंची वेगाच्या वर्गानं कमी होते. आणि लागणारी पॉवर वेगाच्या घनानं कमी होते. म्हणजे ५० हर्ट्झवरून ४० वर आलात, तर वेग ८० टक्के, उंची ६४ टक्के आणि पॉवर जवळपास निम्मी.

आता सोयीसाठी गोल आकडे घेऊ. पंप पूर्ण वेगात जास्तीत जास्त ४०० फूट पाणी चढवतो आणि बोअरमध्ये पाणी २५० फुटांवर आहे.

- ५० हर्ट्झ: ४०० फूट. पाणी जोरात.
- ४५ हर्ट्झ: ३२४ फूट. पाणी येतं, पण कमी.
- ४० हर्ट्झ: २५६ फूट. जेमतेम, धार मोडलेली.
- ३५ हर्ट्झ: १९६ फूट. मोटार फिरतेय, पण पाणी अर्ध्यातच अडकलंय.

सकाळी ऊन कमी, म्हणून कंट्रोलर मोटारीला ३५ हर्ट्झवर चालवतो. आवाज येतो, पाणी येत नाही. दिवाळीला हाच पंप नीट चालत होता, कारण तेव्हा पाणी दीडशे फुटांवर होतं. मार्चमध्ये पातळी खाली गेली आणि गणित बदललं. बीडमध्ये पातळी खाली जाणारच. पावसाची आपली ओळख सगळ्या महाराष्ट्राला आहे.

यात नुसता वेळ जात नाही, मोटारही जाते. पाणबुडी मोटार तिच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्यानं थंड राहते. पाणी वर चढत नसताना ती तास न् तास फिरत राहिली तर तापते. म्हणून कंट्रोलरमध्ये कमीत कमी फ्रिक्वेन्सी सेट करायची सोय असते: ४०च्या खाली ऊन आलं तर थांब, ऊन वाढलं की पुन्हा सुरू हो. काकांचं काम तेवढ्या सेटिंगनं झालं, आणि पुढच्या वेळी पंप काढला की जास्त स्टेजचा घाला, हा सल्ला. सकाळचं पाणी वाढलं का? नाही. ऊन तेवढंच होतं, मी काही सूर्य वाढवून देत नाही. पण मोटार जळायची थांबली, आणि भरायचा खर्च वाचला. काकांनी सल्ल्याचे पैसे रोख दिले. लोक सल्ल्याचे पैसे देत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. अंदाजाला कुणी पैसे देत नाही, पण कागदावर मांडलेला आकडा दाखवला की देतात.

महावितरणच्या लाईनवर अजून मोठं मार्केट आहे

सगळेच सोलरवर गेले नाहीत. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे, त्यामुळे लाईनवरच्या मोटारी लगेच कुठे जात नाहीत. तिथे मोटारी जळायची तीन कारणं तुम्हाला पाठ पाहिजेत.

एक, फेज जाणं. तीनपैकी एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजवर करंट साधारण पावणेदोन पट होतो. प्रिव्हेंटर नसेल किंवा जोडून ठेवलेला असेल, तर वायंडिंग गेलंच समजा.

दोन, व्होल्टेज पडणं. मोटारीची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं कमी होते. ४१५ च्या जागी ३३० आलं, तर ताकद ६३ टक्क्यांवर. मोटार उठत नाही, घुरघुर करते, करंट ओढत राहते, तापते.

तीन, सगळ्यांचा ऑटो. हा मुद्दा धंद्याचा आहे, नीट वाचा. लाईट आली की ऑटो स्विचवाल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. थेट सुरू होणारी मोटार पहिल्या क्षणी नेहमीच्या सहापट करंट ओढते. समजा १०० केव्हीएच्या डीपीवर ५ एचपीच्या १५ मोटारी आहेत. चालू असताना प्रत्येकी ८ अँपिअर धरले तर १२० अँपिअर. डीपीची क्षमता १३३. म्हणजे चालताना बसतं. पण एकदम सुरू होताना? ७२० अँपिअर! फ्यूज उडतात, व्होल्टेज पडतं, त्या पडलेल्या व्होल्टेजमध्ये कुठलीच मोटार नीट उठत नाही, आणि शेवटी डीपी जळतो. मग पंधरा घरांचं पाणी एकदम बंद.

महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय, ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा. शेतकरी ऑटो काढत नाही, कारण रात्री दोनला लाईट आली तर अंधारात, विंचू-सापात बोअरवर जाणार कोण? दोघांचंही बरोबर आहे. यावर माझं उत्तर असं: ज्यांना ऑटो काढणं जमत नाही, त्यांच्या प्रत्येक स्टार्टरमध्ये डिले टाइमर. पहिली मोटार १० सेकंदांनी, दुसरी २० नं, तिसरी ३० नं. पंधरावी अडीच मिनिटांनी. कुणाचं काही बिघडत नाही. सोबत योग्य मापाचा कपॅसिटर, ५ एचपीला २ केव्हीएआर.

आता धंद्याच्या नजरेनं बघा. एका शेतकऱ्याच्या स्टार्टरमध्ये टाइमर बसवला तर काही फायदा नाही, बाकीचे चौदा एकदमच सुरू होणार. म्हणजे हे काम विकायचंच असेल तर पूर्ण डीपीला विकावं लागतं. गिऱ्हाईक एक माणूस नाही, एक डीपी! पारावर किंवा मारुतीच्या देवळापुढे पंधरा जणांना बसवा, हे गणित पाटीवर मांडा, आणि हंगामाच्या आधी प्रत्येकी ठरलेल्या रकमेत तपासणी, प्रिव्हेंटर, टाइमर, कपॅसिटर असं एकत्र काम द्या. समजा तुमची मजुरी माणशी ५०० रुपये. एका डीपीचे साडेसात हजार, आणि काम दोन-तीन दिवसांचं. तुमच्या गावचे आकडे घाला, हिशोब तुम्हीच करा. पण विकताना "वीज वाचेल" म्हणू नका. बिल मोफत आहे, वाचवून त्याला काय मिळणार? "मोटार जळणार नाही, डीपी जाणार नाही, पाणी खंडणार नाही" हे विका.

गिरणी, जिनिंग, तेलघाणा: इथे ड्राइव्ह विकला जातो, पण खरं बोला

बिल भरणारं गिऱ्हाईक वेगळं. पिठाची गिरणी, डाळ मिल, तेलघाणा, माजलगाव-गेवराई-वडवणीकडच्या जिनिंग. इथे ड्राइव्हला मागणी आहे. पण "ड्राइव्ह लावा, बिल निम्मं होईल" असं सरसकट सांगणारे सेल्समन फिरताहेत, त्यांच्यातले एक होऊ नका.

खरं असं आहे. जिथे वेग कमी करून काम भागतं, उदाहरणार्थ पंखा, ब्लोअर किंवा व्हॉल्व्ह दाबून चालवलेला पंप, तिथे ड्राइव्ह चांगली वीज वाचवतो. जिथे मोटार पूर्ण वेगात, पूर्ण लोडवर चालते, तिथे बचत होत नाही. उलट ड्राइव्ह स्वतः थोडी वीज खातो. तिथे त्याचा फायदा वेगळा: मोटार हळूवार सुरू होते, बेल्ट आणि बेअरिंग टिकतात, सुरू होतानाचा झटका लाईनवर येत नाही.

आणि एक पेच सांगतो, जो बऱ्याच मिस्त्रींना सुटत नाही. गिरणीचं जड चाक फिरत असताना मोटार थांबवायला सांगितली, आणि ड्राइव्हमध्ये थांबायची वेळ दोन सेकंद भरलेली असेल, तर काय होतं? चाकाचा जोर मोटारीला ढकलतो, मोटार जनरेटर बनते, आणि वीज उलटी ड्राइव्हमध्ये येते. आतल्या कपॅसिटरचं व्होल्टेज चढतं, ड्राइव्ह ‘ओव्हर व्होल्टेज’ दाखवून बंद पडतो. मालक म्हणतो ड्राइव्ह खराब, मिस्त्री म्हणतो लाईन खराब. इलाज फुकटचा आहे: थांबायची वेळ वीस-तीस सेकंद करा, किंवा मोटार मोकळी सोडून आपोआप थांबू द्या. लगेच थांबवायचीच असेल तर ब्रेक रेझिस्टर बसवा. उलटी बाजूही आहे: सोलरवर सुरू व्हायची वेळ फार कमी ठेवली तर मोटार पॅनलच्या ताकदीपेक्षा जास्त ओढते, डीसी व्होल्टेज कोसळतं आणि कंट्रोलर ‘अंडर व्होल्टेज’ म्हणतो. वस्तू बदलायच्या आधी वेळ बदलून बघा. हाच तुमचा फरक.

चार ठिकाणी लोक ड्राइव्ह जाळतात

- स्टार्टरमधला जुना कपॅसिटर तसाच ठेवून ड्राइव्ह जोडणं. ड्राइव्ह आणि मोटार यांच्या मधे कपॅसिटर कधीही नको. आयजीबीटी उडतो.
- ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर मारणं. मेगर ५००-१००० व्होल्ट सोडतो. आधी मोटारीची केबल सोडवा, मग फक्त मोटारीला मेगर लावा. एक मेगाओमच्या खाली आलं तर मोटार बाहेर काढायची तयारी ठेवा.
- साध्या मीटरनं ड्राइव्हच्या आउटपुटचं माप घेऊन निष्कर्ष काढणं. तिथे ट्रू आरएमएस मीटर लागतो. सोलरसाठी डीसी करंट दाखवणारा क्लॅम्प मीटर वेगळा.
- खोल बोअर, लांब केबल. ड्राइव्हचं आउटपुट गुळगुळीत नसतं, टोकदार ठोके असतात. तीनशे फुटांच्या केबलच्या टोकाला ते ठोके आपटून परततात आणि मोटारीवर व्होल्टेज जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. जुनी, दोनदा भरलेली मोटार हे सहन करत नाही. ड्राइव्हच्या आउटपुटला चोक किंवा फिल्टर द्या, आणि मोटार भरणाऱ्याला आधीच सांगा की ही ड्राइव्हवर चालणार आहे, तार चांगल्या इन्सुलेशनची घे.

आपल्या जिल्ह्यात शेकडो फूट बोअर आहेत, त्यामुळे हा चौथा मुद्दा वहीत लिहूनच ठेवा.

जीव आधी, धंदा नंतर

हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. सोलरचा स्विच बंद केला तरी उजेड आहे तोवर पॅनलच्या तारांमध्ये वीज असते. मालिकेत जोडलेल्या पॅनलचं व्होल्टेज ५००-७०० डीसीपर्यंत जातं. एसीची ठिणगी तुटते, डीसीची तुटत नाही, ती ओढली जाते. म्हणून चालू लोडवर कनेक्टर ओढायचा नाही, आणि डीसीच्या जागी एसीचा एमसीबी लावायचा नाही. ड्राइव्ह बंद केल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात. पुस्तिकेत लिहिलेली वेळ थांबा, मीटरनं शून्य बघा, मगच हात घाला. अर्थिंग बघा. एकट्यानं काम करू नका. घाई शेतकऱ्याला असते, तुमच्या घरच्यांना तुम्ही परत येण्याची असते.

सुरुवात कशी करायची?

शिक्षण: आयटीआय वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन असेल तर उत्तम. नसेल तर परवानाधारक माणसाला सोबत घ्या, बिनपरवाना वायरिंगचं काम अंगावर घेऊ नका. ‘सूर्यमित्र’ हा सोलरचा कौशल्य अभ्यासक्रम आहे, त्याची चौकशी करा. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि मोटार ड्राइव्हची लेक्चर फुकट आहेत. इंग्रजी जड जातं? हळू लावा, दोनदा ऐका, आकृत्या वहीत काढा. मी तसंच केलं.

हत्यारं: ट्रू आरएमएस मल्टिमीटर, एसी-डीसी क्लॅम्प मीटर, मेगर, इन्सुलेटेड हत्यारं, हातमोजे. आणि एक वही, ज्यात प्रत्येक गिऱ्हाईकाच्या मोटारीची पाटी, बोअरची खोली, पाण्याची पातळी आणि कंट्रोलरचं सेटिंग लिहिलेलं. ही वही म्हणजे तुमचं खरं भांडवल. दुसरा दुकानदार तुमचा बोर्ड कॉपी करेल, वही कशी करणार?

भांडवल: एवढ्यासाठी मोठं कर्ज नको. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत मिळतं, तिथून सुरू करा. धंदा बसल्यावर पुढचं.

एक कल्पना फुकट देतो: ५ आणि साडेसात एचपीचा एक-एक जास्तीचा कंट्रोलर जवळ ठेवा, भाड्यानं द्यायला. हमी संपलेल्या शेतकऱ्याचा कंट्रोलर दुरुस्तीला गेला की तुमचा लावा. मिरचीला फुलं लागलीत आणि दहा दिवस पाणी नाही, तर दुरुस्ती स्वस्तात होऊन उपयोग काय? त्याला डब्याची नाही, पाण्याची गरज आहे.

आणि हमी चालू असलेला कंट्रोलर उघडू नका. सील तुटलं की हमी जाते आणि आळ तुमच्यावर येतो. तिथे तक्रार नोंदवायला मदत करा, त्याचे थोडे पैसे घ्या किंवा नाही घेतले तरी चालेल. हमी संपल्यावर तो तुमच्याकडेच येणार आहे.

"सर, एवढं शिकण्यापेक्षा पुण्याला जाऊ"

जा, कुणी अडवत नाही. चाकणला जाऊन काम शिकून परत आलात तर आनंदच आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी लोक ऊस तोडायला बाहेर जातात आणि आयटीआय झालेली पोरं कंत्राटी कामगार म्हणून जातात. मागे राहतं ते बंद पडलेलं यंत्र आणि त्याच्याकडे बघत बसलेला शेतकरी. सरकार पंप देतंय, कंपनी बसवून जातेय, पण दर मोसमात त्याला चालू ठेवणारा माणूस गावात नसेल तर पाच वर्षांनी ते पॅनल वाळवणासाठीच उरणार. ही उणीव आहे, आणि धंद्याच्या भाषेत उणिवेलाच मार्केट म्हणतात.

म्हणून या आठवड्याचं काम देतो. तुमच्या जवळच्या तीन डीपींवर जा. प्रत्येकीवर किती मोटारी, किती एचपीच्या, किती ऑटोवर, किती कपॅसिटर जिवंत, एवढं लिहा. त्याच शिवारातले सोलर पंप मोजा आणि कोणत्या साली बसले ते विचारा. डब्याला हात लावायचा नाही, फक्त विचारायचं आणि लिहायचं. रविवारी तो कागद समोर ठेवा. तुमचं दुकान चालेल की नाही, ते त्या कागदावरच दिसेल.

आकडे कमेंटमध्ये टाका. ज्यांचे येतील त्यांच्या आकड्यांवर पुढच्या व्हिडिओत आपण मिळून दरपत्रक बनवू.

भेटू पुढच्या आठवड्यात. राम राम!